अठरा दिवसांचा हिशेब

गेल्या मार्गशीर्षात कोल्हापुरात एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय अफझलखानाचा वध. वक्त्यांचा आवाज खणखणीत, सभागृह तुडुंब. दीड तासांपैकी सव्वा तास एका मिठीवर खर्ची पडला. वाघनखे कशी, बिचवा कोणत्या हाती, खान किती धिप्पाड. १० नोव्हेंबर १६५९ चा सूर्य मावळला आणि व्याख्यानही मावळले. टाळ्या कडाडल्या.

टाळ्यांना आमची हरकत नाही. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यास आली, तेव्हा रांगेत आम्हीही उभे होतो. हरकत आहे ती इतिहास तिथेच गुंडाळण्याला. कारण त्या मिठीनंतर अवघ्या अठरा दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा राजांच्या हाती आला. प्रतापगडापासून नकाशावर सरळ रेघ ओढली तरी अंतर सुमारे १३५ किलोमीटर भरते. वाघनखांनी माणूस मरतो. मुलूख मिळत नाही.

कोणी म्हणेल, सेनापती पडल्यावर फौज उधळणारच, त्यात नवल ते काय? नवल हे, की उधळलेल्या शत्रूचा फायदा घ्यायला बहुतेक विजेते तयारच नसतात. ते लूट वाटत बसतात. जावळीत मिळालेली लूट सभासदाने नोंदली आहे: ६५ हत्ती, ४००० घोडे, १२०० उंट. वक्ते हे आकडे वैभव म्हणून सांगतात. आम्हांला त्यांत पुढच्या मोहिमेचे वाहन दिसते. तोच सभासद आणखी एक गोष्ट सांगतो, ती मात्र कोणी सांगत नाही. जखमींना जखम पाहून होन दिले, पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, मूल नसेल तर बायकोला निम्मे वेतन लावून दिले. आपल्यामागे घरची चूल पेटेल एवढी खात्री ज्याला आहे, तो शिपाई दमलेल्या पायांनीही वाईची वाट धरतो. राजे दुसऱ्याच दिवशी वाईत होते!

ही खात्री एका रात्रीत निर्माण होत नसते. जून १६५९ मध्ये आदिलशहाचे फर्मान मावळातल्या देशमुखांना सुटले होते, की खानाला मिळा. खंडोजी खोपडे मिळाला. कान्होजी जेधे आपल्या मुलांसह राजांकडे राहिले. मोहिमेचा अर्धा निकाल त्या दिवशी लागला असे आम्ही मानतो.

अर्धाच, कारण उरलेला अर्धा शत्रूने लावला, आणि हे कबूल करायला आम्हांला लाज वाटत नाही. मुहम्मद आदिलशहा १६५६ साली वारला होता. गादीवर कोवळा अली, कारभार बड्या बेगमेच्या हाती. औरंगजेब बिदर-कल्याणी घेऊन १६५८ साली तख्तासाठी उत्तरेकडे गेलेला. दक्षिणेत मैदान मोकळे होते. मोकळे मैदान ओळखून त्यात वेळेवर उतरणे, यालाच आम्ही सेनापतित्व म्हणतो. कोणाला त्यात राजांचा कमीपणा वाटत असेल तर त्याने खुशाल वाटून घ्यावा.

विजापूर उठलेच नाही असेही नव्हे. रुस्तुमेजमान मोठी फौज घेऊन आला, बरोबर बापाचा सूड घ्यायला फाजलखान. २८ डिसेंबरला याच कोल्हापूरजवळ राजांनी दोघांना पळवून लावले. नेताजी पालकर त्या लढाईत होते, आणि सिद्दी हिलालही राजांच्या बाजूने लढत होता.

आणि ज्यांना सारे श्रेय पोलादालाच द्यायचे आहे, त्यांना एकच प्रश्न. १६६० साली राजे तेच होते, शिपाई तेच होते, वाघनखेही गंजली नव्हती. मग २२ सप्टेंबरला पन्हाळा का सोडावा लागला? कारण मार्चपासून सिद्दी जौहर गडाखाली तळ ठोकून होता आणि मे महिन्यात शाएस्ताखान पुण्यात येऊन बसला. मैदान आता मोकळे नव्हते. गड परत यायला १६७३ साल उजाडले, कोंडाजी फर्जंदाच्या साठ माणसांनिशी.

दर जुलैला आमची पोरे पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत भर पावसात चालत जातात. जावे; बाजीप्रभूंचे ऋण आहेच. पण ती वाट गड सोडून जाण्याची आहे. गड घ्यायला आलेली वाट कोणती, हे त्यांतल्या दोघातिघांना विचारले, तर ते माझ्याकडेच पाहू लागले.

त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर वक्त्यांना गाठून मी २८ डिसेंबरविषयी विचारले. ते सज्जन गृहस्थ. हसून म्हणाले, "अहो, वेळ कुठे उरला होता?"