गंजलेला नट आणि लांब पाना
म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात जावा व पुढे येझदी मोटारसायकली तयार होत. त्यांतील कित्येक आजही हौसेने जपल्या जातात. मात्र त्यांचे गंजलेले नट सहजी सुटत नाहीत. त्यांवर आदल्या रात्री पातळ तेल सोडावे व लांब दांड्याचा सॉकेट-पाना लावावा. दांडा दुप्पट लांब असला, की तेवढ्याच जोरात पीळ दुप्पट बसतो. ३/८ इंची टोकाचा पाना अडचणीच्या जागी शिरतो. परंतु त्यावर नळी चढवून जोर वाढवू नये, टोक तुटते. मोठ्या नटांस अर्धा इंची टोकच हवे. सॉकेट सहा कोपऱ्यांचे घ्यावे, म्हणजे नटाच्या कडा झिजत नाहीत. बारीक बोल्टावर मात्र बेताचाच जोर करावा. तो तुटला, तर आतला तुकडा छिद्र पाडूनच काढावा लागतो.