पदवीची परीक्षा, की वैद्याची?

धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२२ साली शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली, तेव्हा अवर्षणाने गांजलेल्या या जिल्ह्याने समाधानाचा निःश्वास टाकला. ते समाधान रास्तच होते. परंतु महाविद्यालय म्हणजे इमारत नव्हे आणि जागांची संख्या म्हणजे डॉक्टरांची संख्या नव्हे. येथून पदवी घेऊन निघालेला तरुण उद्या याच तालुक्यातील बेंबळीच्या एखाद्या रुग्णापुढे उभा राहील. त्याला काय ठाऊक आहे हे त्याची गुणपत्रिका सांगेल. त्याला काय करता येते, हे कोण सांगणार? हा प्रश्न एका महाविद्यालयाचा नाही. राज्यातील वैद्यकीय पदवीच्या परीक्षा घेणाऱ्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला, आणि त्या पदवीवर विश्वास टाकणाऱ्या प्रत्येक नागरिकाला तो लागू आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा आज होत नाही असे नाही. परंतु तिची जुनी रीत कशी आहे? विद्यार्थ्याच्या वाट्याला एक रुग्ण येतो. विद्यार्थी त्याच्यापाशी अर्धा-पाऊण तास एकटाच बसतो, त्याची हकीकत विचारतो, त्याला तपासतो. मग परीक्षक येतात आणि विद्यार्थ्याकडून वृत्तांत ऐकतात. म्हणजे परीक्षा होते ती वृत्तांताची, तपासणीची नव्हे. त्याने नाडी खरोखर पाहिली की शेजारच्याकडून आकडा मिळवला, रुग्णाशी तो माणुसकीने बोलला की त्याच्यावर खेकसला, यांपैकी काहीच परीक्षकांच्या दृष्टीस पडत नाही. त्यातच कोणाच्या वाट्याला ओळखीचा विकार येतो, कोणाच्या वाट्याला बुचकळ्यात टाकणारा. परीक्षक कडक की सौम्य, हाही नशिबाचाच भाग. शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो खरे. पण ती म्हण भाताला लागू पडते, कारण तो एकाच भांड्यात एकसारखा शिजलेला असतो. डॉक्टरचे कौशल्य तसे नसते. हृदयविकार अचूक ओळखणारा विद्यार्थी अडलेल्या बाळंतिणीपुढे गोंधळू शकतो.

ही उणीव ओळखून स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाचे रोनाल्ड हार्डन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ साली एक निराळी पद्धत जगापुढे मांडली. वैद्यकीय वर्तुळात ती ‘ऑस्की’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात विद्यार्थी एकामागून एक अनेक टेबलांपाशी जातो. एके ठिकाणी रक्तदाब मोजायचा, दुसरीकडे छातीचा आवाज ऐकायचा, तिसरीकडे मधुमेही रुग्णाला पथ्य समजावून सांगायचे. प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटे मिळतात, सर्वांना काम तेच असते, आणि परीक्षक समोर उभे राहून, आधी ठरविलेल्या कसोट्यांवर, प्रत्यक्ष कृती पाहून गुण देतात. नशिबाचा वाटा कमी होतो आणि डोळ्यांदेखतच्या पुराव्याचा वाढतो.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा येतो. अध्यापकांची वाण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हिशेब तर करून पाहू. बारा टेबले आणि प्रत्येकी पाच मिनिटे धरली, तर बारा विद्यार्थ्यांची एक फेरी तासाभरात होते; शंभर विद्यार्थ्यांना नऊ फेऱ्या लागतात. दोन दिवसांत हे काम उरकते. साडेचार वर्षांच्या शिक्षणाअखेर एका डॉक्टरला तासभर डोळ्यांत तेल घालून पाहणे समाजाला परवडत नसेल, तर मग परवडते तरी काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अशा परीक्षेने रुग्णाचे तुकडे होतात, विद्यार्थी कसोट्यांची यादी घोकतो, आणि सहानुभूतीचे वाक्यदेखील पाठ करून म्हणतो, असे जाणते अध्यापक सांगतात. ते खरे आहे. म्हणूनच, आमच्या मते, संपूर्ण रुग्ण तपासण्याची जुनी परीक्षा मोडीत काढू नये. मात्र ती आरंभापासून अखेरपर्यंत परीक्षकांच्या नजरेखाली व्हावी. अमेरिकेत परवान्यासाठी घेतली जाणारी अशी प्रात्यक्षिक परीक्षा २०२१ साली कायमची बंद झाली, याचा दाखला कोणी देईल. पण तेथे बंद झाली ती राष्ट्रीय पातळीवरील एक परीक्षा. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाहून पारखण्याची जबाबदारी काही संपली नाही. ती महाविद्यालयांच्या शिरावर आली.

आता बेंबळीकडे वळू. पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर झोपलेल्या शेतमजुराला मण्यार चावते. दंशाची खूण बहुधा दिसत नाही, सूज नसते. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, आणि त्यापुढे श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. ‘पोटदुखी’ म्हणून गोळी देऊन घरी पाठविणारा डॉक्टर आणि पापण्यांकडे पाहून क्षणात सावध होणारा डॉक्टर, या दोघांतील अंतर जीवन-मरणाचे असते. लेखी परीक्षेत दोघांनीही मण्यारीवर उत्तम टिपण लिहिलेले असू शकते! रुग्णाच्या उशाशी बसून पाहणे ही कमी प्रतीची विद्या नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांचे असेच बारकाईने निरीक्षण केले. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने त्यांनी कित्येकांचे प्राण वाचविले आणि त्या कामाची दखल जगाने घेतली.

शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यावर एक वर्षाच्या सेवेचे बंधन असते. त्यातून पुष्कळांच्या वाट्याला ग्रामीण भाग येतो. म्हणजे ज्याच्यापाशी अनुभव सर्वांत कमी, तो अशा ठिकाणी जातो की जेथे सल्ला विचारायला वरिष्ठ नसतो आणि रुग्णाला दुसरा दरवाजा नसतो. याउलट, हाच पदवीधर ब्रिटनमध्ये जाऊ इच्छितो तेव्हा काय होते? लेखी परीक्षेनंतर त्याला मँचेस्टर येथे रुग्णप्रसंगांच्या अशाच मालिकेतून जावे लागते, आणि तो रुग्णाशी बोलतो कसा हेही तेथे तपासले जाते. मँचेस्टरच्या रुग्णासाठी जी खबरदारी आवश्यक ठरते, ती बेंबळीच्या रुग्णासाठी अनावश्यक कशी? त्याचा जीव स्वस्त आहे काय?

नव्या धोरणाचा अभाव नाही. २०१९ पासून देशात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला आणि कौशल्य-प्रयोगशाळा सक्तीच्या झाल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात अंतिम वर्षासाठी देशव्यापी समान परीक्षेची तरतूद आहे. २०२३ साली तिची अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. दिल्लीची वाट पाहत महाराष्ट्राने हात जोडून बसण्याचे कारण नाही. नाशिकच्या विद्यापीठाने आपल्या अंतिम प्रात्यक्षिकांत अशी टेबले सक्तीची करावीत. त्यांत सर्पदंश, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, बालकाचा अतिसार यांना स्थान असावे. रुग्णाच्या भूमिकेसाठी आसपासच्या गावांतील माणसे योग्य मानधन देऊन तयार करावीत, म्हणजे ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात कणकण आहे’ हे शब्द डॉक्टरला उमगतात की नाही, हेही कळेल. आणि जो उणा ठरेल त्याची नाचक्की न करता, त्याला पुन्हा शिकवून पुन्हा तपासावे.

शंभर जागा मंजूर करून घेणे हे राजकारण्यांचे यश असेल. त्या शंभरांपैकी प्रत्येकाच्या हाती आपला रुग्ण निर्धास्तपणे सोपविता येईल, असे शपथेवर सांगता येणे, हे अध्यापकांचे आणि विद्यापीठाचे यश ठरेल. बेंबळीचा रुग्ण डॉक्टरची गुणपत्रिका मागत नाही. तो आपला हात पुढे करतो. त्याची नाडी पाहणारी बोटे कोणीतरी आधी पारखून घेतलेली असली पाहिजेत, एवढेच आमचे मागणे आहे.