धूर पंपाचा, दंड वयाला



वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतींत नाबार्डचेही मुख्यालय आहे. त्या बाजूची हवा बिघडली की बोट जाते जुन्या डिझेल ट्रककडे. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या जड मालवाहू गाडीची फिटनेस फी १२,५०० रुपये केली, २०२५ मध्ये जुन्या गाड्यांची फी पुन्हा वाढवली. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई परिसरात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का, हे पाहायला राज्य सरकारने समिती नेमली.

आमचा सवाल साधा आहे. धूर वयातून निघतो की पंपातून?

पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक एलिमेंट असतो: बॅरल आणि त्यात वरखाली होणारा प्लंजर. दोघांतली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढी, आणि वंगण डिझेलचेच. डिझेलात पाणी, कचरा किंवा रॉकेल आले की प्लंजरवर रेघा पडतात. मग गाडी सकाळी चालू होत नाही, कापूस भरला की चढावर दम सोडते. घाईतला मिस्त्री सील तोडून स्क्रू फिरवतो, डिझेल वाढवतो. ओढ येते, पण हवा तेवढीच. अर्धवट जळालेले डिझेल काळा धूर होऊन निघते.

खरी दुरुस्ती कॅलिब्रेशन बेंचवर होते. ठरावीक फेऱ्यांत प्रत्येक लाइनमधून किती डिझेल पडते ते काचेच्या नळ्यांत मोजतात आणि सगळ्या सारख्या भरेपर्यंत एलिमेंट जुळवतात. पेरणीआधी पाभरीच्या प्रत्येक नळ्यातून बी सारखे पडते का, हे आपण पाहतोच की! नोझलचा दाब तपासायचा, टायमिंग लावायचे, लाइनमधली हवा काढायची. फिल्टर वेळेवर बदलला असता तर बरेचदा एवढी पाळीच आली नसती.

नवा बीएस-६ ट्रक कमी धूर सोडतो, हे खरे. पण तो कापसाच्या कोणत्या भावातून घ्यायचा? ज्वारीच्या?

फी वयावर नको, धुरावर लावा. धूर मोजायचे यंत्र पीयूसी केंद्रावर आहेच. आणि नाबार्डने गोदामांसारखेच तालुक्याला एका पंप-बेंचसाठी स्वस्त कर्ज मिळेल असे पाहावे; पंप खांद्यावर घेऊन जिल्ह्याच्या गावी दोन दिवस घालवणे बंद होईल.

जिल्हा बैठकीत हा ठराव येईल. येताना फिटनेसच्या पावत्या आणि पीयूसीचे दाखले घेऊन या.