पेटारा कुणाचा?

आमच्या घरातला सागवानी पेटारा गेल्या महिन्यात विकला. दादाजींनी तो गावच्या सुताराकडून करून घेतला होता. खाली लाकडी चाकं, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, सांधे एकमेकांत असे बसवलेले की खिळा शोधून सापडत नाही. अब्बा एकुलते एक, त्यामुळे पेटारा त्यांच्याकडे आला. नऊ वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला आणि तो माझ्या हॉलमध्येच राहिला. पाहुण्यांना मी अभिमानाने सांगायचो, "हा आमचा खानदानी पेटारा."

घर दुरुस्तीला काढलं तेव्हा विकायचं ठरलं. पहिला भंगारवाला आला, आतून टॉर्च मारून म्हणाला, "कीड लागलीय, लाकडाच्या भावात जाईल." पंधरा हजार देत होता. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या फर्निचरचा धंदा करणाऱ्या एकाला फोटो पाठवले. त्याने येऊन पाहिलं आणि ४८,००० रुपये दिले.

मी भाईजानना फोन केला, "चोवीस तुमचे, चोवीस माझे." शेजारी बसलेल्या अम्मीने तसबीह थांबवली आणि विचारलं, "आणि मुलींचं?"

खरं सांगतो, माझ्या डोक्यात आपा आणि धाकटी आल्याच नव्हत्या. भाईजान म्हणाले, "अरे, एका लाकडी पेटीचा काय हिशोब करायचा?" मात्र सूरह निसाच्या सातव्या आयतीत हाच हिशोब सांगितला आहे. आईवडिलांनी मागे ठेवलेल्या मालात पुरुषांचा हिस्सा आहे तसा स्त्रियांचाही आहे, माल थोडा असो वा जास्त. कफन-दफनचा खर्च, कर्ज आणि एक तृतीयांशापर्यंतची वसीयत वजा झाली की उरलेला सगळा तरका वारसांचा. त्यात 'खानदानी वस्तू' असा वेगळा खाना नाही.

हिशोब सोपा होता. अम्मीचा आठवा हिस्सा ६,००० रुपये. उरलेल्या ४२,००० चे सहा भाग, आम्हा दोघा भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. म्हणजे आम्हाला प्रत्येकी १४,००० आणि बहिणींना प्रत्येकी ७,०००.

रक्कम मोठी नाही. मला बोचलं ते वेगळंच. नऊ वर्षं मी त्या पेटाऱ्याला 'अब्बांची आठवण' म्हणत होतो, आणि ती आठवण फक्त माझ्या घरात होती. भावाने वस्तू ठेवून घेतली तर ते वडिलांवरचं प्रेम, बहिणीने हिस्सा विचारला तर मात्र ती लालची, माहेर तोडणारी. मग भाच्याच्या लग्नात 'मामाकडून' म्हणून एक साडी द्यायची आणि हक्क फिटला म्हणायचं. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची चाल काही आपल्याच समाजात आहे असं नाही. पण शरियत वाचवायला मोर्चात जाणाऱ्या आपण तरी वारशाची आयत आली की गप्प बसू नये.

जुनी वस्तू विकूच नये, असं मी म्हणत नाही आणि विकावीच असंही नाही. ज्याला ठेवायची आहे त्याने बाजारभावाने किंमत ठरवावी, बाकीच्या वारसांचे पैसे द्यावेत आणि मग खुशाल ठेवावी. मला हे नऊ वर्षांपूर्वी सुचलं असतं तर पेटारा आज घरात असता.

धाकटी फोनवर म्हणाली, "भाई, मला नको, तुम्हीच ठेवा." मी म्हणालो, "आधी हातात घे. मग कुणाला द्यायचे ते तू ठरव." कारण हातात न आलेला हक्क सोडणं ही बहुतेक वेळा खुशी नसते, मजबुरी असते. तिने पैसे घेतले आणि परत दिले नाहीत. मला बरं वाटलं.

आपा मात्र पैसे मोजता मोजता एवढंच म्हणाली, "विकण्याआधी एकदा बघायला बोलावलं असतंस." त्याचा हिशोब माझ्याकडे नव्हता.

तुमच्याही घरात एखादा पलंग, कपाट, पेटारा असेल. तो कुणाच्या घरात आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तो कुणाकुणाचा आहे, हे एकदा बहिणींना बोलावून विचारा.