नवागतांस मराठी कोण शिकविणार?

मुळेच्या कांठचें वाकड पाहतां पाहतां मनोऱ्यांचें नगर झालें. शेजारच्या हिंजवडीस संगणकाच्या चाकरीवर आलेले तमिळ, तेलुगु, बंगाली, हिंदी बोलणारे तरुण त्या मनोऱ्यांत राहतात. आणि नवे मनोरे उभारणारे बिहार, झारखंड, ओडिशाकडील मजूर त्यांच्या पायथ्याशीं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. या सर्वांस मराठी आलें पाहिजे, असा आग्रह चोहोंकडून ऐकूं येतो, व तो आम्हांसही मान्य आहे. परंतु प्रौढ मनुष्यानें, दिवसभर राबून, ती शिकावी कोठें? २०२५ सालीं मिरारोड येथें मराठी न बोलल्यावरून एका दुकानदारास मारहाण झाली. छडीनें भाषा येते अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनीं आपले शाळेंतले दिवस आठवून पाहावे.

पूर्वीं हें काम बाजार करीत असे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित पिंपरीच्या छावणींत येऊन राहिले. त्यांनीं दुकानें मांडलीं. गिऱ्हाईक मराठी होतें, म्हणून दुकानदार मराठी शिकला. आज वाकडांत नवागतानें चार शब्द अडखळत उच्चारले, कीं समोरचा मराठी गृहस्थ लगेच हिंदींत वळतो. मराठवाड्यांतून आलेली मोलकरीणदेखील मालकिणीशीं मोडक्या हिंदींतच बोलते. जेथें रस्ता शिकवीत नाहीं, तेथें वर्ग काढल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आणि हा केवळ भाषाभिमानाचा प्रश्न नव्हे. परांचीवरून ‘सरक’ अशी हाक आली असतां तिचा अर्थ कळण्यास लागणारा क्षण मजुराच्या जिवावर बेतूं शकतो. नातवंडें सांभाळण्यास पाटण्याहून आलेल्या आजीबाईंस पोटांत कळ येते कीं मुरडा, हें परिचारिकेस सांगतां येत नाहीं. हिंदी येतें म्हणजे मराठी आपोआप कळते, हाही भ्रमच. ‘शिक्षा’ म्हणजे तिकडे विद्या आणि इकडे दंड! इंग्रजी पुरे, असें म्हणणारांस आमचें इतकेंच सांगणें कीं, ती हिंजवडीच्या कचेरींत पुरते, भाजीवालीपुढें नाहीं.

महात्मा फुले व सावित्रीबाई यांनीं १८५५ सालीं श्रमजीवी स्त्रीपुरुषांसाठीं पुण्यांत रात्रीची शाळा काढली. त्याच जिल्ह्यांत हें अशक्य कां मानावें? केरळानें तर २०१७ सालीं पेरुंबावूर येथें परप्रांतीय मजुरांस मलयाळम शिकविण्याचा ‘चंगाती’ नांवाचा उपक्रम आरंभिला, आणि त्याचें पाठ्यपुस्तक सरकारी साक्षरता संस्थेनेंच तयार केलें. आपल्याकडे केंद्राची ‘उल्लास’ योजना आहे, परंतु ती निरक्षरांसाठीं. ज्या गवंड्यास हिंदी वाचतां येतें, तो तींत बसत नाहीं. चार भाषा जाणणारा अभियंता तर नाहींच नाहीं.

महापालिकेच्या शाळांच्या खोल्या सायंकाळीं नोकरदारांस व गृहिणींस द्याव्या. निवृत्त शिक्षकांस मानधन देऊन त्यांजकडे हे वर्ग सोंपवावे. मजुरांची गोष्ट निराळी. अंधार पडल्यावर कामावरून सुटून स्वतःची भाकरी भाजणारा मनुष्य शाळेपर्यंत चालत येणार नाहीं. त्याच्या पत्र्याच्या खोलीशींच फळा नेला पाहिजे. व्याकरण मागाहून. आधीं हाका, आंकडे, औषधें, पत्ते आणि मजुरीचा हिशेब. खर्चाची सबब आम्हांस पटत नाहीं. १९९६ च्या कायद्यान्वयें बांधकामाच्या खर्चावर शेंकडा एक या दरानें उपकर घेतला जाऊं लागला, तो मजुरांच्याच कल्याणासाठीं; त्यांतून एक शिक्षक व शंभर पाट्या निघूं नयेत काय? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळानें वाकडच्या एखाद्या मोठ्या बांधकामावर याचा प्रयोग करून पाहावा. आठवड्यांतून दोनदां, कामाच्या वेळेंतलाच अर्धा तास वर्गासाठीं राखावा. त्या अर्ध्या तासाची मजुरी कापली जाणार नाहीं, असें मात्र ठेकेदाराकडून आधींच लिहून घ्यावें.