भटकंतीचा पत्ता

मराठी नियतकालिकांतून आणि आता महाजालावरूनही एका प्रकारचे लेखन गेली काही वर्षे सातत्याने येत आहे. पुष्कळ वर्षे समुद्रावर किंवा देशोदेशी काढलेला माणूस परततो, घर विकतो अथवा भाड्याने देतो, दोन पिशव्यांत मावेल एवढाच संसार ठेवतो आणि लिहितो की आता मला पत्ता नाही, म्हणून मी मोकळा आहे. महाविद्यालयात मराठी शिकवणारे आम्ही या लेखनाचे आजवर कौतुकच करत आलो. त्याला ‘भ्रमणाचे तत्त्वज्ञान’ असे भारदस्त नावही आम्हीच दिले. प्रस्तुत लेख त्या नावाविरुद्ध आहे. म्हणजे काही अंशी आमच्याच विरुद्ध आहे.

निमित्त गगनबावड्याचे. मागच्या डिसेंबरात एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. गगनगडाच्या पायथ्याशी एक जोडपे भेटले. बारा-तेरा वर्षे शिडाच्या नावेतून हिंडलेले, आता एका गाडीतच राहणारे. माणसे मनमोकळी होती. त्यांनी विद्यार्थ्यांना चहा दिला, वादळांच्या गोष्टी सांगितल्या आणि गरजा कमी केल्या की माणूस कसा हलका होतो हे समजावून दिले. तेथून जेमतेम अर्ध्या कोसावर, भात काढून मोकळ्या झालेल्या शेतात मेंढपाळ धनगरांचा वाडा उतरला होता. घोड्यांवरची बिऱ्हाडे उतरवलेली, मेंढरांभोवती जाळीची वाघर लावलेली. देशावरचे हे वाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, कारण कोकणातला चिखल आणि पाऊस मेंढरांना सोसत नाही. शेतात रात्री मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंड्यांचे खत शेतकऱ्याला मिळायचे आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे घ्यायचे, असा हा जुना व्यवहार आहे.

तळावरच्या एका बाईने आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यावर विचारले, “बाई, पोराचं नाव गावच्या शाळंत हाय, आन् सहा महिनं आमी हिकडं. मग त्यो शाळंतला म्हनायचा का तळावरचा?” आम्हांला उत्तर देता आले नाही. हंगामी वसतिगृहांविषयी काहीतरी पुटपुटून आम्ही पुढे निघालो.

परतल्यावर विद्यार्थ्यांना त्या दिवसावर निबंध लिहायला सांगितले. बावीस निबंध आले. बहुतेकांत नाववाले जोडपे ‘मुक्त’, ‘अपरिग्रही’, ‘कालातीत’ होते. मेंढपाळ ‘दयनीय’ तरी होते, नाही तर ‘निसर्गाची लेकरे’. त्या बाईचा प्रश्न फक्त दोघांनी नोंदवला होता. ही भाषा मुलांनी कोठून आणली, हे शोधायला आम्हांला दूर जावे लागले नाही. ती आमच्याच टिपणांत होती. प्रवासवर्णनाच्या तासाला हिंडणे हा गुण आणि दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या तासाला हिंडणे ही वेदना, असे दोन कप्पे आम्ही वर्षानुवर्षे ठेवले. या कप्प्यांमधले दार उघडण्याची आम्हांला कधी गरजच वाटली नाही.

ते उघडले की काय दिसते? ज्याला पत्ता नसल्याचा अभिमान आहे त्याच्याजवळ पारपत्र असते, बँकेचे खाते असते, विमा असतो, आणि या प्रत्येक कागदावर कोणाचा तरी, बहुधा भावाचा किंवा मुलीचा, पत्ता असतो. नाव कोणत्याही बंदराला लावायची तर आधी कागद दाखवावे लागतात. आजारी पडले तर परतायला जागा असते. यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र या साऱ्याला ‘सर्वस्वत्याग’ म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे, आणि भाषा शिकवणाऱ्यांनी तरी तो खपवून घेऊ नये.

दुसरीकडे, ज्यांना खरोखरच पत्ता नव्हता त्यांना या देशाच्या कायद्याने कसे वागवले? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती हे सारे त्यातूनच आले. सोलापूरची वसाहत मराठी वाचकाला ठाऊक आहे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. पुढे १९५९ साली मुंबई राज्यात भीक प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे या निमित्ताने पैसे मागणे तर आलेच. शिवाय उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटावे अशा रीतीने सार्वजनिक जागी हिंडणेही आले. आमचे नाववाले मित्र गगनबावड्याच्या रस्त्यावर निरुद्देश हिंडत होते आणि तेच त्यांचे तत्त्वज्ञान होते. नंदीबैलवाल्याने तसेच हिंडावे, तर तो कलमात सापडू शकतो. आणि हे केवळ कलमापुरते राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ती माणसे अनोळखी गावात भटकत होती, एवढाच त्यांचा अपराध.

आक्षेप येईल की एका माणसाच्या साधेपणाचा आनंद दुसऱ्याच्या दुःखाने का मोजावा? कमी वस्तूंत जगणे चांगले नाही काय? चांगलेच आहे. उपभोगाच्या आजच्या काळात ते आवश्यकही आहे. आमचे भांडण कमी वस्तूंशी नाही. कमी वस्तूंत जगण्याची निवड आणि कमी वस्तूंत जगण्याची सक्ती यांना एकाच शब्दात बसवून, त्या शब्दाचे सारे पुण्य निवड करणाऱ्याच्या पदरात टाकण्याशी आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, ती विद्यापीठांतून शिकवली गेली. त्यांत वाटेचे काव्य शोधणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. शाळा, भाकर आणि माणूस म्हणून ओळख यांच्यासाठीची झुंज त्यांत आहे. ज्याला आम्ही बंधन म्हणतो तेच तेथे मागणे आहे.

समुद्राविषयीही थोडे. ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्या प्रवासामागे नौदल होते, नौका बांधणारे कारागीर होते आणि वाटेत चार बंदरांचे थांबे होते. एकट्याच्या प्रवासालाही किनाऱ्यावर एवढी माणसे लागतात.

गगनबावड्यात हे सांगायला आणखी एक कारण आहे. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे प्रकरण आहे, आणि त्यात जहाजांच्या लाकडाविषयी जी ताकीद आहे ती प्रसिद्ध आहे. आंबा-फणसासारख्या रयतेच्या झाडांना हात लावू नये, कारण ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्णच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे, असा तिचा आशय. समुद्रावर जाणारी नाव कोणाच्या तरी परसातल्या झाडाची बनते, हे भान तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला होते. आजच्या भ्रमणलेखनात ते क्वचितच आढळते.

आपल्या परंपरेत स्वेच्छेने सारे सोडून हिंडणारे नव्हते असे नाही. गाडगेबाबा आयुष्यभर खराटा आणि मडके घेऊन हिंडले. १९५६ साली मरण आले तेही वाटेवरच. पण त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या आणि कीर्तनातून पोरांना शाळेत घाला म्हणून लोकांना विनवले. स्वतः उघड्यावर राहणाऱ्या त्या माणसाला छपराचे मोल कळत होते. आपल्या वाटेवर ज्यांना छप्पर हवे आहे असे कोण कोण भेटले, हे सांगणारा साधेपणा आम्हांला मान्य आहे. स्वतःच्या हलकेपणावरच थांबणाऱ्याला आम्ही फार तर छंद म्हणू.

म्हणून आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. येत्या सत्रापासून प्रवासवर्णन आणि भटक्यांची आत्मकथने आम्ही शेजारी ठेवून शिकवू, आणि ‘भ्रमणाचे तत्त्वज्ञान स्पष्ट करा’ हा प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत येणार नाही. त्याऐवजी तळावरच्या त्या बाईने विचारलेला प्रश्न असेल. त्याचे आदर्श उत्तर आमच्याकडे नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवू.