रावेतच्या गच्चीवरील भाजी आणि मावळचे पाणी

पवनेकाठचे रावेत १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि पाहता पाहता येथील शेते इमारतींखाली गेली. आज त्याच इमारतींच्या गच्च्यांवर मेथी, पालक, मिरची पिकविण्याची हौस रुजते आहे. रसायनमुक्त अन्नाची ही ओढ स्वागतार्ह आहे. परंतु ही भाजी कोणत्या मातीत वाढते आणि कोणाच्या पाण्यावर, हा प्रश्नही आपण विचारावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम पाण्याचा विचार करू. मावळातील पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते, निगडी येथे शुद्ध होते आणि शहराला पुरविले जाते. हे पाणी बंद जलवाहिनीतून थेट धरणातून आणण्याच्या योजनेस मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. योजना स्थगित झाली; ती स्थगिती २०२३ मध्ये उठविण्यात आली. दरम्यान, नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. तेव्हा कुंडीत ओतलेला प्रत्येक तांब्या हा शेतकऱ्याशी वाटून घेतलेला तांब्या आहे. सांडपाणी वा नाल्याचे पाणी हा त्यावरील पर्याय नव्हे. पालेभाजीसाठी ते घातकच.

यावर उपाय मातीतच आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून हेच शिकविले, की वाळलेला पाला, उसाचे चिपाड व स्वयंपाकघरातील ओला कचरा यांपासून सकस माती घरीच तयार होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून त्याच पद्धतीने बाग फुलविली आणि कचऱ्याचीही सोय लावली. कुंडीतील मातीवर पाल्याचे आच्छादन घातले, की बाष्पीभवन घटते आणि पाणी कमी लागते. ओल्या कचऱ्यात पुरेसा सुका पाला मिसळला, की दुर्गंधीही येत नाही. मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितलेच होते.

मात्र गच्चीवरील बागेने कुटुंबाचे पोट भरत नाही, हे मान्य केले पाहिजे. तिचे खरे मोल शिकवणुकीत आहे. मिरचीवरील मावा हटविताना ज्याचे दोन महिने गेले, तो बाजारात मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करताना एकदा तरी थबकेल. रासायनिक शेती सोडून सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्या शेतकऱ्यास हंगामी पिकांसाठी प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी साधारणतः दोन वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. या काळात उत्पन्न घटू शकते, पण 'सेंद्रिय' म्हणून जादा भाव मिळत नाही. अनेकांचा निर्धार येथेच खचतो. ग्राहकाचा आधार नेमका याच दोन वर्षांत हवा असतो.

म्हणून आमची सूचना अशी, की रावेत परिसरातील आपल्या कुटुंबांनी एकेकट्या कुंड्यांवर न थांबता संकुलाची सामायिक बाग करावी. या मातीत हयात घालविलेले वृद्ध शेतकरी आजही आपल्या शेजारी राहतात. त्यांना गुरुस्थानी मानून बी, हंगाम व कीड यांचे ज्ञान घ्यावे. ते ज्ञान कोणी न विचारताच त्यांच्याबरोबर गेले, तर पुन्हा मिळणार नाही. आणि दहा-वीस घरांनी मिळून मावळातील एखाद्या शेतकऱ्यास त्या दोन कठीण वर्षांत ठरलेल्या भावाने भाजी घेण्याचा शब्द द्यावा. ज्यांची जमीन आणि पाणी घेऊन हे शहर उभे राहिले, त्यांना आपण निदान एवढे तरी देणे लागतो.